आणि मंडळी

गेल्या जूनमध्ये दोन दिवस मिरजेला गेले होते. बँकेनं बाबांकडे लहान उद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीचा दाखला मागितला होता आणि त्यावाचून छापखान्याच्या कॅश क्रेडिट कर्जाचं नूतनीकरण अडलं होतं. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला, बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. आधार क्रमांक टाकला, त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांनी एकेक आकडा सुटा वाचून सांगितला. पॅन झालं, पत्ता झाला, आणि मग तो रकाना आला. मुख्य काम कोणतं? उत्पादन, सेवा की व्यापार? मी सहज विचारलं, "बाबा, आपलं यातलं काय?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. बाबा बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तिन्ही." मी म्हटलं, "एकच निवडायचंय." त्यावर ते काहीच बोलले नाहीत. चष्म्याची डबी उचलली, "उद्या बघू की," म्हणाले आणि आत गेले.

मला त्या रात्री लवकर झोप लागली नाही.

एकाहत्तर वर्षांचा माणूस, त्यातली पन्नास वर्षं त्या एका खोलीत शाईत गेलेली, आणि तुमचं काम काय या प्रश्नावर तो गप्प होतो. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे. उत्तर त्यांना माहीत होतं, ते ठेवायला तिथं जागा नव्हती, असं मला अंथरुणात पडल्यापडल्या वाटत राहिलं.

आमचा छापखाना म्हणजे पुढं दहा बाय बाराचं ऑफिस आणि मागं एक लांबट खोली. आजोबांनी तो १९५८ साली सुरू केला. माझ्या लहानपणी त्या खोलीत पाऊल टाकलं की आधी वास यायचा: शाईचा, खिळे म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं धुवायच्या रॉकेलचा, बाइंडिंगसाठी शिजवलेल्या खळीचा आणि पावसाळ्यात दमट झालेल्या कागदाच्या रिमांचा. मग ट्रेडल छपाईयंत्राचा आवाज. एक खट, मागोमाग एक जड धप्प. त्या ठेक्यावर मी पाढे पाठ केलेत. भिंतीला टेकून खिळ्यांच्या केसेस, म्हणजे घरं पाडलेले खण, तिरप्या मांडलेल्या असत आणि त्यांच्यापुढं चाचा उभे असत. चाचा आमचे कंपोझिटर, खिळे जुळवणारे. डाव्या हातात अक्षरं जुळवायची स्टिक, उजवा हात घराघरांवरून फिरतोय, आणि डोळे मात्र समोर चिमट्यात अडकवलेल्या मजकुरावर. हाताकडं बघायचंच नाही. इंग्रजीला दोन केसेस पुरतात; मराठीला जोडाक्षरं, रफार, उकार धरून शेकडो घरं लागतात, आणि ती सगळी चाचांच्या बोटांना पाठ होती. आरशातली अक्षरं वाचायला मला त्यांनीच शिकवलं. शाळेत मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घ समजावायच्या आधी मला चाचांकडून कळलं होतं की 'कवि' एकटा असला की दीर्घ आणि समासात पुढं आला की ऱ्हस्व. घरी दख्खनी बोलणारे चाचा मराठीच्या शुद्धलेखनात भल्याभल्यांना ऐकत नसत.

खिळे नेहमी कमी पडायचे. लहान छापखान्याला सबंध पुस्तकभर खिळे परवडत नाहीत; चार-आठ पानं जुळवायची, छापायची, तो फर्मा म्हणजे जुळवलेल्या पानांचा साचा धुऊन खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचे आणि मग पुढची पानं. एका शाळेच्या स्मरणिकेच्या वेळी अनुस्वारच संपले. अध्यक्षांचं मनोगत अनुस्वारांनी भरलेलं होतं. मला आठवतंय, त्या संध्याकाळी बाबा, चाचा आणि मी, तिघं जमिनीवर बसून आदल्या दिवशीचा फर्मा सोडवत होतो आणि सापडेल तो अनुस्वार एका बशीत टाकत होतो. शिसं, अँटिमनी आणि कथलाच्या मिश्रधातूचे ते इवलेसे तुकडे. बोटं काळी व्हायची. आई हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावू द्यायची नाही, आणि मग गुळाचा खडा हातावर ठेवायची.

पाटीवर आजोबांचं आडनाव आणि त्यापुढं 'आणि मंडळी'. ही मंडळी म्हणजे एकच माणूस, आजोबांचे मित्र. त्यांचं सांगलीत हळदीच्या अडतीचं काम होतं. पैसा त्यांचा, मेहनत आजोबांची, नफा-तोटा निम्मानिम्मा, असं भागीदारीपत्र स्टँपपेपरवर लिहिलेलं होतं. ते मी पाहिलंय. पिवळं पडलंय, घड्यांवर फाटलंय. भागीदारीत एकाचं कर्ज दुसऱ्याच्या घरादारापर्यंत पोचू शकतं. कायदाच तसा आहे, १९३२ सालापासूनचा. म्हणजे सही करताना दोघांनीही एकमेकांच्या दारापुढं आपली भाकरी ठेवलेली असते. १९७९ साली ते मित्र गेले. दुसरं काही ठरलेलं नसेल तर एक भागीदार गेला की भागीदारीही संपते, आणि आमच्या पत्रात काहीच ठरवलेलं नव्हतं. दोन मित्रांनी त्याचा विचारच केला नसावा. आजोबांनी त्यांच्या पत्नीला हिश्शाचे पैसे पाच वर्षं हप्त्याहप्त्यानं पोचवले. बाबा तेव्हा पंचविशीत होते, दर महिन्याला सायकलवरून सांगलीला पाकीट घेऊन तेच जात. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी काकूंनी त्यांना जेवायला ठेवून घेतलं आणि निघताना म्हणाल्या, "पाटी मात्र बदलू नका." ती बदलली नाही. पुढं धंदा एकत्र कुटुंबाचा झाला, आजोबांनंतर वाटण्या होऊन एकट्या बाबांचा झाला. कागदावर तीनदा रूप पालटलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र तीच पाटी दिसत राहिली.

अकरावीला मी वाणिज्य शाखा घेतली, तेव्हा संघटन विषयाच्या पुस्तकात एक झाड होतं. खोडावर 'व्यवसाय'. एका फांदीवर उद्योग, दुसरीवर वाणिज्य. वाणिज्याला पुन्हा दोन डहाळ्या, व्यापार आणि व्यापाराला साहाय्य करणाऱ्या सेवा. बँका, विमा, वाहतूक, गोदामं, जाहिरात. मी ते झाड वहीत मन लावून काढलं होतं, हिरव्या पेन्सिलीनं. परीक्षेत ते हमखास येई. पण कॉलेजातून घरी येताना मी ज्या मिरजेतून चालत यायचे, ती त्या झाडात कधी नीट बसली नाही. आमच्या गावात १८९४ साली विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं आणि पुढं सबंध गावच दवाखान्यांचं झालं. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात. पेशंटसोबत चार नातेवाईक. त्यांच्यासाठी लॉज, खाणावळी, औषधांची दुकानं, रिक्षा, शहाळीवाले, कुबड्या आणि पट्टे विकणारे. आणि केसपेपर, प्रिस्क्रिप्शनची पॅडं, एक्स-रेची पाकिटं, गोळ्यांच्या पुड्यांची पाकिटं छापणारे आम्ही. कोण कुणाला साहाय्य करतंय, याची फांदी कशी काढणार? एखाद्या नावाजलेल्या सर्जनांनी गाव सोडलं की त्यांच्या दारातल्या शहाळीवाल्यापासून आमच्यापर्यंत सगळ्यांना ते कळायचं.

आणि सितारमेकर गल्ली. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे, तलवारी-भाले घडवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींचं काम गेलं. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी गवयांची बिघडलेली वाद्यं दुरुस्त करता करता तंबोरे घडवायला घेतले, आणि आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ साली मिळालेलं. हे मिरजेत सगळ्यांना माहीत असतं, कुणी मुद्दाम सांगत नाही. पण मी शाळेतून येताना त्या गल्लीत थांबायचे. पंढरपूरकडून आलेले मोठाले वाळके भोपळे दोरीला टांगलेले असत, लाखेचा वास असे, आणि एखादा म्हातारा तारेखालच्या घोडीची जवारी घासत बसलेला असे. कान लावून, पुन्हा घासून, पुन्हा कान लावून. पोलादाला धार लावणाऱ्या हातांनी आवाजाला धार लावायला शिकायला किती वर्षं लागली असतील? मधल्या वर्षांत त्या घरांत काय शिजत होतं? इतिहासात एका वाक्यात 'वळले' असं येतं. वळताना माणसं कशी उभी होती ते येत नाही. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जो संगीत महोत्सव होतो, तिथं गाणं ऐकताना माझं लक्ष मागच्या तंबोऱ्याकडं जातं ते त्यामुळं.

आमच्या घरात वळण आलं ते १९९६ साली.

ऑफसेट आलं होतं. सांगलीत दोघांनी घेतलं, मग मिरजेत एकानं. चित्राचा ब्लॉक करायला दोन दिवस, खिळे जुळवायला एक दिवस, त्यापेक्षा कॉम्प्युटरवर तासाभरात पान तयार आणि त्यावरून प्लेट. गिऱ्हाइकं नमुने आणून बाबांच्या टेबलावर ठेवायची. म्हणायची काही नाहीत, नुसती ठेवायची. बाबांनी वर्षभर हिशेब मांडले. आजी तेव्हा होती. तिच्या पाटल्या गहाण पडल्या, बँकेचं कर्ज काढलं, एक जुनं मिनी ऑफसेट आणि एक कॉम्प्युटर आला. जागा करायला खिळे काढावे लागले. मोडीचा माणूस हातगाडी घेऊन आला. दोन गाड्या भरल्या. केसेस उलट्या करून तो खिळे गोणीत ओतत होता. चाळीस वर्षं ज्यांना घरं होती ती सगळी अक्षरं एकमेकांत मिसळून वजनकाट्यावर चढली आणि किलोच्या भावानं गेली. मी बारा वर्षांची होते. चाचा त्या दिवशी कामावर आले होते पण आत आले नाहीत, समोरच्या कट्ट्यावर बसून राहिले. दुपारी बाबा दोन कप चहा घेऊन त्यांच्यापाशी गेले. दोघं एकमेकांशी बोलताना मला दिसले नाहीत.

चाचांना बाबांनी काढलं नाही, हे मला लिहायला हवं, आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही, हेही. कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं डीटीपी शिकलेला एक वीस वर्षांचा मुलगा आला. चाचा त्याच्या मागं स्टूल टाकून बसत आणि स्क्रीनवर बोट टेकवत. "वेलांटी दुसरी." "इथं रफार." मुलगा चांगला होता, ऐकायचा. पण चाचांचे हात मोकळे होते. ज्या माणसाचे हात दिवसभर घराघरांवरून फिरले त्याला नुसतं बोट दाखवायचं काम उरलं. आठ महिन्यांनी ते म्हणाले, "शेठ, पगार घेतो पण काम करत नाही असं वाटतं." मग गेले. पुढं रोज संध्याकाळी नमाजानंतर पाच मिनिटं येऊन बसत आणि टेबलावर पडलेलं प्रूफ हातात घेऊन चुका काढत. ते त्यांचं काम नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मरेपर्यंत आले. तंत्र बदललं की नवे रोजगार तयार होतात असं मी नंतर खूप ठिकाणी वाचलं, आणि ते खरंच आहे, तो डीटीपीवाला मुलगा आज स्वतःचं दुकान चालवतो. पण नवा रोजगार त्याच खुर्चीवर, त्याच माणसाच्या वाट्याला येत नाही. मधे एक स्टूल असतं.

ऑफसेटनं आम्हाला वीस वर्षं दिली, हे नाकारून चालणार नाही. माझं इंजिनिअरिंग त्यावर झालं. (अकरावी वाणिज्य सहा महिन्यांत सोडून मी विज्ञानाला पुन्हा प्रवेश घेतला होता. बाबा तेव्हाही एवढंच म्हणाले होते, "वर्ष वाया गेलं तरी चालेल, आयुष्य नको.") मग फ्लेक्स आलं आणि कापडी फलक, पोस्टरं गेली. आम्ही फ्लेक्सचं मशीन घेतलं नाही. कोल्हापूरहून करून आणून देतो, मधले चार पैसे मिळतात. लग्नपत्रिकांची तयार कार्डं घाऊक बाजारातून आणायची आणि त्यावर नावं छापून द्यायची, हेही सुरू झालं. म्हणजे अर्धा व्यापार. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या त्या लग्नसराईत कार्डांचे गठ्ठे तसेच राहिले. पुढच्याच वर्षी १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि गावातल्या प्रत्येक दुकानदाराला नव्या नंबराची बिलबुकं हवी झाली. बाबा सांगतात, त्या दोन महिन्यांत नंबरिंग मशीन रात्री अकरापर्यंत चालायचं, उभ्यानं जेवायचो. त्यांना वाटलं, दिवस पालटले. पुढं त्याच दुकानदारांनी एकेक करून कॉम्प्युटरवर बिलं काढायला सुरुवात केली. ज्या कायद्यानं बिलबुकांची झुंबड आणली त्यानंच बिलबुक संपवत आणलं.

त्याच वर्षी एक सरकारी खुलासा निघाला, २० ऑक्टोबर २०१७ चा. बाबांच्या कर सल्लागारांनी त्याची प्रत दिली होती आणि बाबांनी ती फाइलला लावून ठेवली आहे, महत्त्वाच्या ओळी लाल पेनानं अधोरेखित करून. पुस्तक, पत्रक, माहितीपत्रक छापलं, मजकूर गिऱ्हाइकाचा आणि कागद-छपाई आमची, तर ती सेवा. पाकीट, खोका, कार्ड छापलं, नाव आणि नक्षी गिऱ्हाइकाची असली तरी, तो माल. तेच मशीन, तोच कागद, तीच शाई, तोच माणूस. सकाळी दवाखान्याच्या शिबिराची पत्रकं छापताना बाबा सेवा देत असतात आणि दुपारी त्याच दवाखान्याची औषधाची पाकिटं छापताना माल बनवत असतात. कराच्या दृष्टीनं त्यात तर्क आहे. पाकीट वस्तू म्हणूनच वापरलं जातं, पत्रकाची किंमत त्यावरच्या मजकुरात असते. मला तो तर्क पटतो. तरी त्या रात्री 'तिन्ही' म्हणणाऱ्या बाबांचा चेहरा डोळ्यांपुढं आला की वाटतं, ते त्या कागदातलंच बोलत होते.

आता माझ्याबद्दल. मी पुण्यात ज्या कंपनीत काम करते तिथं दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर तयार होतं. पेशंटची नोंदणी, तपासण्या, बिल, डिस्चार्ज कार्ड, सगळं स्क्रीनवर. कागद नाही. पहिल्या आठवड्यात नोंदणीचा स्क्रीन तपासायला माझ्याकडं आला तेव्हा मी थबकले. नाव, वय, लिंग, पत्ता, कोणी पाठवले, तक्रार, पूर्वीचे आजार, ॲलर्जी. हाच क्रम. ॲलर्जीचा चौकोन उजवीकडं वरच्या कोपऱ्यात, डॉक्टरांची नजर आधी जाते तिथं. चाचांनी जुळवलेल्या केसपेपरवर तो तिथंच असायचा. मिरजेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगून करून घेतला होता, एका चुकलेल्या इंजेक्शननंतर. हा क्रम आमच्याकडूनच गेला असं मी म्हणणार नाही. असे केसपेपर सगळीकडं असतील. पण मी त्या स्क्रीनवर माउस फिरवत होते आणि मला चाचांची काळी बोटं दिसत होती. तीन वर्षांनी बाबांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकानं, एका दवाखान्यानं, केसपेपर बंद केले. सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं नव्हतं. एवढाच काय तो दिलासा. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, पेशंटचा जुना कागद हरवायचा नाही आता. चांगलंच आहे की ते." ते मनापासून बोलत होते. त्यांना त्या महिन्यात कामगाराचा पगार द्यायला फिक्स डिपॉझिट मोडावं लागलं हे मला आईकडून कळलं.

मला दोन्हींचं खरं वाटतं. हरवलेल्या रिपोर्टपायी पेशंटची झालेली परवड मी कामात रोज ऐकते. आणि त्या पगाराच्या पाकिटाचंही खरं आहे.

पत्रिकांचं सांगायचं राहिलं. पूर्वी लग्न ठरलं की घरातली चार माणसं मजकूर घेऊन येत आणि बाबांचं टेबल म्हणजे बैठकच होई. कुलदैवत कोणतं, आधी मोठे काका की आत्या, मामांकडचे किती, आणि शेवटी छोट्यांच्या तोंडची ती 'यायचं हं' ची ओळ हवी की नको. बाबा निम्म्या गावाची नाती जाणून होते. प्रूफ निघे, घरी जाई, तीन पेनांच्या दुरुस्त्या घेऊन परत येई, आणि शेवटी कोपऱ्यात सही: छापण्यास हरकत नाही. आता डिझाइन मोबाइलवर तयार होऊन येतं. पत्रिका बहुतेकांना व्हॉट्सॲपवरच जाते; देवापुढं ठेवायला आणि वडीलधाऱ्यांना हातात द्यायला म्हणून शंभरेक छापतात. मागच्या मार्गशीर्षात असंच एक डिझाइन आलं. बाबांनी ते मोठं करून वाचलं, सवयीनं. निमंत्रकांत पहिलंच नाव मुलाच्या आजोबांचं होतं, नावाआधी 'श्री.' लावून. बाबांच्या लक्षात आलं की या गृहस्थांच्या उत्तरकार्याचं कार्ड आपणच छापलंय. फोन केला तर पलीकडून नातू म्हणाला, "काका, डिझाइन फायनल आहे, सगळ्यांना फॉरवर्ड झालंय. जसं आहे तसं छापा." तो लगबगीत होता, त्याचंही चुकलं नाही. बाबांनी मशीन थांबवलं, प्रूफ घडी करून खिशात घातलं आणि स्कूटरवरून त्यांच्या घरी गेले. आजी ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनीच हट्टानं नाव घालायला लावलं होतं, 'कै.' कसं लावतात आणि कुठं लावतात हे मुंबईत वाढलेल्या नातवाला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी त्यांच्यासमोर पेनानं दुरुस्ती करून दाखवली आणि नाव आशीर्वादाच्या ओळीत घेतलं. आजींनी तो कागद बराच वेळ मांडीवर ठेवला होता, असं बाबा म्हणाले. शंभर पत्रिकांचं काम. पेट्रोल धरलं तर त्यात काय सुटलं असेल?

कागदावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रकाचं नाव असतं, ते कुणी वाचत नाही. छापणाऱ्यानं आपलं नाव आणि ठिकाण छापायचं, हा दंडक १८६७ सालच्या कायद्यात होता. निवडणुकीच्या पत्रकावर आजही मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. छापणाऱ्यानं आधी प्रकाशकाकडून सहीचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि छापल्यावर एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडं धाडायची. बाबांनी एकदा ऐन निवडणुकीत रात्री आलेलं एक मोठं काम परत पाठवलं होतं, कारण आणणारा प्रकाशक म्हणून सही करायला तयार नव्हता. पैसे रोख होते. तेव्हा घरात पैशांची गरजही होती. आजोबा दाराशी उभे होते, ते एक शब्द बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाबांना स्वतः चहा करून दिला. ही गोष्ट आई सांगते. मोबाइलवरून हजारो हातांत फिरणाऱ्या चित्राच्या तळाशी कुणाचं नाव नसतं. मला त्या तंत्राचा राग नाही, मी त्याच दुनियेत पोट भरते. पण कुणीतरी मशीन थांबवून खिशात प्रूफ घेऊन निघायची जी जागा होती, ती आता कामाच्या वाटेवर कुठं येते ते मला शोधूनही सापडत नाही. आमच्या टीममध्ये मी एकदा हे बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून हिशेबाची वही घेऊनच आले. "जास्त पैसा कशातून येतो ते लिही," म्हणाले, "सरकारला तेवढंच पाहिजे असणार." आम्ही मागच्या वर्षाची पानं चाळली. औषधांच्या दुकानांची कागदी पाकिटं सगळ्यांत वर निघाली, मग कार्डं, पत्रकं आणि बिलबुकं खाली, अगदी खाली स्मरणिका, वर्षात एक. मी 'उत्पादन' निवडलं. पुढं कामाचा सांकेतिक क्रमांक आला. छपाई १८११, जुळणी आणि बांधणी मात्र छपाईच्या सेवा म्हणून १८१२. "बाइंडिंग वेगळं?" बाबांनी विचारलं आणि पुस्तकं शिवून राठ झालेल्या आपल्या अंगठ्याकडं पाहिलं. संस्थेच्या प्रकाराचा रकानाही होता: एकल मालकी, एकत्र कुटुंब, भागीदारी, सहकारी संस्था, खासगी कंपनी, अशी मोठी यादी. एकल मालकी. मी विचारलं, "मग नावात 'आणि मंडळी' ठेवायचं? मालक तर तुम्ही एकटेच." ते म्हणाले, "पाटीवर आहे ते लिही."

दाखला लगेच आला, कोपऱ्यात क्यूआर कोड असलेला. मी म्हटलं, बँकेला मेल करते. बाबांना प्रिंट हवी होती. ऑफिसातल्या मशीनवर काढून आणली, अजून ऊब होती कागदाला. बाबांनी तो टेबलावर सपाट ठेवला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि खिशातलं लाल पेन काढलं. पहिल्या ओळीपासून, प्रत्येक शब्दाखालून पेनाचं टोपण सरकवत ते वाचू लागले. मी घड्याळाकडं पाहिलं, अकराची गाडी होती. चौथ्या ओळीवर पेन थांबलं. इंग्रजीत 'मंडळी' लिहिताना माझ्याकडून एक अक्षर राहून गेलं होतं. बाबांनी त्या जागी छोटी खूण केली, समासात राहिलेलं अक्षर लिहून त्याभोवती गोल काढला आणि कागद माझ्याकडं सरकवला.

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. दुरुस्तीचा रकाना शोधला. त्यांच्या मोबाइलवर पुन्हा ओटीपी आला आणि त्यांनी तो एकेक आकडा सुटा वाचून सांगितला.